अंजूरचे कागद : रुमालापासून यंत्रवाचनापर्यंत

अंजूर हे ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्याचे गाव. उल्हास नदीच्या खाडीपलीकडे ठाणे आणि साष्टी बेट, अलीकडे भिवंडी-कल्याणचा मुलूख, अशा जागी ते वसले आहे. या मोक्याच्या टापूवर गेल्या पाच शतकांत चार सरकारांची नजर राहिली: वसईच्या पोर्तुगीजांची, पुण्याच्या पेशव्यांची, मुंबईच्या इंग्रजांची आणि स्वातंत्र्यानंतर लोकनियुक्त राज्य सरकारची. प्रत्येकाने आपल्या भाषेत, आपल्या लिपीत आणि आपल्या कालगणनेत कागद लिहिले. पुढच्या सरकारांनी ते कागद कोणत्या कारणाने उघडले, कोणते वाचले आणि कोणते तसेच बांधून ठेवले, याचा इतिहास कागदांच्या मजकुराइतकाच महत्त्वाचा आहे. मोडी कागद यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयत्न आता सुरू झाले आहेत. त्यांचे मोल ठरवायचे तर हा मागचा प्रवास पाहावा लागतो.

डिसेंबर १५३४मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर वीसच वर्षांनी, १५५४मध्ये, पोर्तुगीज महसूल अधिकारी सिमाँव बोतेल्यो याने आपल्या सत्तेखालच्या प्रदेशांच्या उत्पन्नाची एक मोठी नोंदवही तयार केली. कोणत्या भागातून किती वसूल येतो आणि तो कोणत्या परंपरेने येतो, हे त्यात नोंदलेले आहे. उत्तर कोकणाचा सोळाव्या शतकातला महसूल अभ्यासणाऱ्याला आजही या वहीपाशी जावे लागते. १५९५मध्ये गोव्यात पोर्तुगीजांनी सरकारी दफ्तरखाना स्थापला आणि त्यावर दियोगु दो कोतु या इतिहासकाराची नेमणूक केली. पणजीच्या आजच्या पुराभिलेखागाराची परंपरा तिथपर्यंत मागे जाते. राज्य चालवायचे तर जुने कागद हाताशी हवेत, ही जाणीव या दोन्ही घटनांमागे होती.

अंजूरचे नाव मराठी इतिहासात ठळक झाले ते वसईच्या मोहिमेमुळे. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी कल्याणच्या पेशवाई अधिकाऱ्यांशी संधान बांधले, पोर्तुगीज मुलखाची खडान्‌खडा माहिती पुरवली आणि मोहिमेत प्रत्यक्ष भाग घेतला. मार्च १७३७मध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती आले. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली चाललेला वसईचा वेढा मे १७३९मध्ये किल्ला काबीज होऊन संपला. नाईकांच्या या कामगिरीची हकिकत साष्टीची बखर सांगते. बखर घराण्याची बाजू मांडते, म्हणून ती खोटी ठरत नाही आणि म्हणून ती एकटीच पुरेशीही ठरत नाही. तिच्या शेजारी सरकारी कागद ठेवून पाहावे लागतात.

ते कागद तीन ठिकाणी विखुरले आहेत. पेशवे आणि त्यांचे सरदार यांचा मोडीतला पत्रव्यवहार पुण्यात आहे. गोव्याच्या व्हाइसरॉयचा लिस्बनशी चाललेला पत्रव्यवहार आणि राज्यमंडळाच्या बैठकांचे ठराव पणजीत आहेत. वसईचा वेढा काळजीने पाहणाऱ्या मुंबईकर इंग्रजांच्या नोंदी मुंबईत आहेत. वसई पडल्यावर याच इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्ड याला चिमाजी अप्पांकडे बोलणी करायला धाडले. घटना एक आणि सरकारे तीन, त्यामुळे कागदांची तीन कुळे झाली. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरात आयुष्य घालवून पोर्तुगीज कागद मराठी इतिहासाला जोडून दिले. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ मराठी वाचकांसाठी ती दारे उघडतो.

तिन्ही दफ्तरांची कालगणनाही वेगळी. पोर्तुगीजांनी ग्रेगरी पंचांग सोळाव्या शतकातच स्वीकारले होते, तर इंग्रजांनी १७५२पर्यंत जुने ज्युलियन पंचांग चालवले. म्हणून १७३९मधली तीच घटना इंग्रजी कागदात पोर्तुगीज कागदापेक्षा ११ दिवस आधीच्या तारखेला दिसते. मराठी कागदावर चांद्र महिन्याची तारीख ‘छ’ या खुणेने लिहिलेली असते आणि वर्ष सुहूर सनाचे, अरबी संख्यावाचक शब्दांत असते. ठाणे मिळाले ते वर्ष ‘सबा सलासीन मया व अलफ’, म्हणजे ११३७. वसई मिळाली ते ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे ११३९. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, जानेवारीत नाही. शिवाय पुष्कळ खासगी पत्रांवर नुसती तिथी असते, वर्ष नसतेच. ते मजकुरातल्या प्रसंगांवरून ठरवावे लागते. जुने कागद वाचणारा माणूस असो की यंत्र, अक्षर लागले की काम संपले असे इथे होत नाही.

पेशव्यांचे पुण्यातले हुजूर दफ्तर ही आपल्या काळातली मोठी वाचनसंस्थाच होती. तिथे दोनशेहून अधिक कारकून काम करीत, असे इंग्रज अधिकाऱ्यांनी पुढे नोंदवले. गावोगावचे हिशेब परगण्यात येत, परगण्याचे प्रांतात आणि प्रांताचे पुण्यात. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द, तिच्यातून विषयवार लावलेली खतावणी, वर्षाचा ताळेबंद आणि अनेक वर्षांची तुलना करणारे तरजुमे अशी एकावर एक रचना होती. एखाद्या गावाने यंदा कमी वसूल का दिला, एखाद्या इनामदाराला सनद नेमकी कोणी आणि केव्हा दिली, या प्रश्नांची उत्तरे कारकुनाला या साखळीने सापडत. नाना फडणिसांच्या काळात ही शिस्त कडक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती ढासळली, दफ्तराकडे दुर्लक्ष झाले आणि कागद बाहेर गेले.

कागद कापडात बांधून रुमाल करीत. रुमालावरची चिठ्ठी हीच त्याची ओळख असे. आत काय आहे हे चिठ्ठीवर जेवढे असेल तेवढेच बाहेरच्याला कळे, बाकीचे कारकुनाच्या स्मरणात राही. कारकून गेला की रुमाल मुका होई. हुजूर दफ्तराचे खरे सामर्थ्य असे अर्धे कागदात आणि अर्धे माणसांत साठलेले होते. राज्य गेल्यावर ही दुसरी अर्धी बाजू फार लवकर नाहीशी झाली.

खाडीच्या दोन काठांचा इतिहास मध्यंतरी वेगळा झाला होता. ठाणे आणि साष्टी इंग्रजांनी डिसेंबर १७७४मध्ये घेतली आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. अंजूरचा काठ मात्र पेशव्यांकडेच राहिला. तो जून १८१७च्या पुणे तहात उत्तर कोकणाबरोबर इंग्रजांकडे गेला. त्यामुळे ठाण्यातल्या आणि अंजूरमधल्या जमिनींच्या कागदांत चार दशकांचा फरक पडतो: पलीकडे कंपनीचा इंग्रजी कारभार सुरू झाला असताना अलीकडे मोडी हिशेब पुण्याला जात होते.

१८१८मध्ये पेशवाई संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला नव्या मुलखाचा कारभार जुन्या वहिवाटीनुसार चालवायचा होता आणि वहिवाट तर मोडीत लिहिलेली होती. मॅक्लाउड या अधिकाऱ्याकडे पेशव्यांचे दफ्तर गोळा करून लावण्याचे काम त्याने सोपवले. १८२१मध्ये मुंबईत सरकारी अभिलेख कार्यालय सुरू झाले. आजचे राज्य पुराभिलेख संचालनालय त्याचाच वारसा चालवते. मॅक्लाउडला ही सारी उलथापालथ पेशवाईतल्या कारकुनांच्याच मदतीने करावी लागली, कारण इंग्रज अधिकाऱ्यांना मोडी येत नव्हती.

पेशवे दफ्तराचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कठोर वाचन इनाम कमिशनने केले. धर्म, पराक्रम, सेवा किंवा मर्जी अशा नाना कारणांनी मराठी राज्यात जमिनी व गावे महसूलमाफीने दिलेली होती. वसईच्या मोहिमेत उपयोगी पडलेल्या घराण्यांनाही अशाच बक्षिशा मिळाल्या. एवढा महसूल हातचा जातो हे कंपनी सरकारला सलू लागले. १८४३च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रात हार्टच्या हाताखाली चौकशी सुरू झाली आणि १८५२च्या अकराव्या कायद्याने तिला पूर्ण अधिकार मिळाले. कॅप्टन काउपर हा तिचा नंतरचा प्रमुख. कायद्याचा मुख्य रोख देश, खानदेश आणि दक्षिण महाराष्ट्र यांच्यावर होता. परंतु उत्तर कोकणाचे पेशवाईतले कागदही पुण्याच्या त्याच दफ्तरात असल्याने तेही याच हाताळणीतून गेले.

कमिशनची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. दावेदाराने आपली सनद आणून दाखवायची. कमिशनच्या कारकुनांनी पुण्याच्या दफ्तरात त्या दानाची नोंद शोधायची. सनदेवरचे नाव, गाव, साल आणि दफ्तरातली नोंद यांचा मेळ बसला तर दावा पुढे सरके. मेळ बसला नाही तर शंका, आणि शंकेचा तोटा दावेदाराला. खोट्या सनदाही होत्याच: जुना कागद, नवी शाई, मागे ओढलेली तारीख. त्या उघड्या पडल्या. पण पेशवाईच्या अखेरच्या काळात दफ्तरातून कागद गहाळ झाले होते हे सर्वांना ठाऊक असतानाही, दफ्तरात नोंद नाही याचा अर्थ हक्क नाही असा घेतला गेला. आगीत, पुरात किंवा वाळवीत सनद गमावलेल्या कुटुंबांना तर बोलायला जागाच उरली नाही. शेकडो घराण्यांच्या माफीचा निकाल एका कारकुनाला एक रुमाल सापडला की नाही यावर लागला. १८५७च्या आधी महाराष्ट्रात जो असंतोष साचला त्यातला मोठा भाग या चौकशीचा होता. १८६३च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनी शेवटी ठरावीक आकार भरून हक्क कायम करून घेण्याची मुभा देण्यात आली आणि कमिशनचे काम आवरले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दावे तपासण्यासाठी कमिशनने दफ्तर प्रथमच मुळापासून लावले. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणीसी अशी शाखावार मांडणी झाली. खासगी माणसांकडून आणि जुन्या अधिकाऱ्यांच्या वारसांकडून मिळवलेले कागद ‘जमाव’ या नावाने एकत्र आले. एथरिज याने १८७३मध्ये कमिशनचा वृत्तांत लिहिला, त्यातून या दफ्तराची रचना आपल्याला कळते. पुण्यात ॲलिएनेशन ऑफिस म्हणून ओळखली जाणारी भक्कम दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली आणि कागदांना कायमचे घर मिळाले. अन्यायाने भरलेल्या चौकशीतून संशोधनाला आधारभूत मांडणी निघाली, हे मान्य करावे लागते. मात्र ही मांडणी महसुलाच्या प्रश्नांसाठी केलेली होती. कोणत्या गावचा कोणता हक्क कोणाचा, हे तीत पटकन सापडे. दुष्काळात लोक कुठे गेले, कोणती कारागिरी कोणत्या पेठेत चाले, खाडीवरच्या होड्यांचा व्यवहार कोणाच्या हाती होता, हे शोधायला त्या याद्यांत वाट नव्हती.

इतिहासकारांना हे दफ्तर बराच काळ बंदच होते. सरकारला राजकीय धास्ती होती आणि जुन्या हक्कांचे नवे दावे उभे राहण्याचीही भीती होती. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतून केलेले उतारे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापले गेले, एवढाच अपवाद. दफ्तर उघडत नाही म्हणून वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांकडे वळले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८चा. माळ्यावरून आणि वाण्याच्या दुकानात रद्दी म्हणून गेलेल्या गठ्ठ्यांतून त्यांनी कागद वाचवले आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. उत्तर कोकणाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम म्हणजे १९२४ची महिकावतीच्या बखरीची आवृत्ती. साष्टी, माहीम, ठाणे या पट्ट्याच्या पोर्तुगीजपूर्व इतिहासाचा तो फार मोलाचा धागा आहे.

जदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे मुंबई सरकारने पुढे धोरण बदलले आणि गो. स. सरदेसाई यांच्याकडे पेशवे दफ्तरातून निवड करून छापण्याचे काम दिले. १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले आणि त्यांत वसईच्या मोहिमेच्या पत्रव्यवहाराला स्वतंत्र खंड मिळाला. वेढ्यातल्या मोर्चांच्या, सुरुंगांच्या, दारूगोळ्याच्या टंचाईच्या बातम्या वाचकांसमोर प्रथमच मूळ शब्दांत आल्या. इतक्या थोड्या वर्षांत एवढे काम उरकणे हे सरदेसायांच्या शिस्तीचे यश. पण ती निवड होती, आणि निवड करताना त्यांनी राजकारण व लढाया यांना प्राधान्य दिले. हिशेबी कागदांचे डोंगर तसेच मागे राहिले. छापले गेले ते सर्वांनी वाचले, आणि जे छापले गेले नाही ते जणू अस्तित्वातच नाही असे पुढच्या पिढ्यांच्या लेखनात झाले. मराठेशाहीचा इतिहास आपण बराचसा मोहिमांचा इतिहास म्हणून ओळखतो, त्यामागे निवडीचे हे एक कारण निश्चित आहे.

दरम्यान लिपीच मागे पडत होती. १९१७मध्ये मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बालबोध वापरण्याचा निर्णय घेतला. शाळांतून मोडी आणखी काही दशके शिकवली गेली आणि १९५०च्या आसपास तीही थांबली. पूर्वी तलाठ्याला, सावकाराला आणि शाळा शिकलेल्या बहुतेकांना वाचता येणारी लिपी दोन पिढ्यांत तज्ज्ञांची झाली. कागद मात्र घरात आणि कचेरीत होते तसेच राहिले.

त्यांची गरजही संपली नाही. १९०३पासून मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. गावदप्तरात फेरफारांची साखळी तयार झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८चा कूळकायदा आला, १९५०च्या दशकात इनामे रद्द झाली, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. या प्रत्येक टप्प्यावर जमीन कोणाच्या नावावर होती आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न मागच्या कागदांकडे बोट दाखवतो. भिवंडी तालुक्यात तो आज फार तीव्र आहे. अंजूरफाट्याच्या परिसरात, माणकोली, दापोडे, काल्हेर या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. जमिनीला भाव आला आणि त्याबरोबर वारसांचे, वाटण्यांचे, जुन्या कुळांचे वाद आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७नुसार हक्कनोंदणीतली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. विरुद्ध सिद्ध करायचे तर तीन पिढ्यांमागचा फेरफार, आणि त्याहून मागचा मोडी कागद, वाचून घ्यावा लागतो.

राज्याने जुने सातबारा, फेरफार व नोंदवह्या स्कॅन करून ऑनलाइन पाहण्याची सोय केली, तेव्हा पहिल्या सात जिल्ह्यांत ठाण्याचा समावेश होता. पानाची प्रतिमा घरी बसून मिळू लागली, हा सामान्य माणसाच्या दृष्टीने मोठा बदल. तरी प्रतिमा म्हणजे वाचन नव्हे. संगणकाला त्या पानावर काय लिहिले आहे हे ठाऊक नसते. गाव, प्रकार आणि क्रमांक आधी माहीत असेल तरच पान सापडते, म्हणजे शोधण्याची रीत रुमालावरच्या चिठ्ठीचीच राहिली.

न वाचलेल्या कागदांचे ओझे किती आहे हे साऱ्या राज्याला २०२३मध्ये दिसले. मराठा समाजातील ज्या कुटुंबांच्या जुन्या नोंदी कुणबी म्हणून आहेत त्यांचा शोध घेण्यासाठी सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचे काम आधी मराठवाड्यापुरते होते, नंतर ते राज्यभर झाले. निजामकालीन उर्दू कागद, मोडी नोंदवह्या, पाहणी पत्रके, कोतवालांकडची जन्ममृत्यूची बुके, भूमी अभिलेख, शाळांची रजिस्टरे असे सगळे उघडावे लागले. समितीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासून ११,५३० नोंदी मिळाल्याचे सांगण्यात आले. जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांना बोलावणे गेले आणि किती थोडे लोक उरले आहेत हे तेव्हा कळले. इनाम कमिशननंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर सरकारने जुने कागद वाचले ते बहुधा याच वेळी. दोन्ही वेळा कारण एकच होते: दारात उभा असलेला दावा. फरक एवढा, आणि तो मोठा आहे, की पहिल्या वेळी हक्क काढून घेण्यासाठी नोंद शोधली गेली, दुसऱ्या वेळी हक्क देण्यासाठी.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम इथे सुरू होते. हस्तलिखित वाचणाऱ्या प्रणालीला हजारो ओळींच्या प्रतिमा आणि तज्ज्ञांनी केलेली त्यांची बिनचूक लिप्यंतरे जोडीने दाखवली जातात. त्यातून ती आकार आणि अक्षर यांचा संबंध शिकते, आणि पुढच्या अक्षराचा अंदाज मागच्या शब्दांवरून बांधते. युरोपात अशा वाचनाने मोठी मजल मारली आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तरातली सुमारे ५० लाख पाने यंत्राने वाचून शोधण्याजोगी करण्याचे काम नेदरलँड्समध्ये झाले. वेंगुर्ल्याला याच कंपनीची वखार होती, म्हणजे कोकणाच्या इतिहासालाही त्याचा थेट उपयोग आहे.

मोडीची अडचण युरोपीय हस्ताक्षरांहून निराळी आहे. लेखक आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढतो आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे खाली लटकवत जातो. शब्द तोडलेले नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. विरामचिन्हे नसतात. नावांची आणि मानाच्या शब्दांची संक्षिप्त रूपे सर्रास येतात. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणे वेगळी, त्यातही चिटणीसी, बिवलकरी, रानडी अशी घराण्यांची आणि कचेऱ्यांची वळणे वेगळी. पेशवाईचे पत्र सहज वाचणारा माणूसही इंग्रजी अमदानीतल्या घाईच्या नोंदीपुढे अडखळतो.

२०२५मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी पुण्यातल्या तंत्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी ‘मोस्कनेट’ ही प्रणाली आणि ‘मोडीट्रान्स’ हा संच जाहीर केला. संचात दोन हजारांहून थोड्या अधिक मोडी प्रतिमा, त्यांच्या तपासलेल्या देवनागरी पाठांसह, आहेत आणि त्या तिन्ही काळांतल्या आहेत. प्रतिमा आणि भाषा दोन्ही एकत्र समजून घेणाऱ्या प्रकारची ही प्रणाली आहे. चांगला संच असा उघडा मिळणे हे या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल, कारण त्यावर इतरांना पुढे बांधता येते. परंतु शिल्लक कागदांची मोजदाद कोटींत आहे हे पाहता दोन हजार प्रतिमा म्हणजे केवळ सुरुवात. शिवाय सलग मजकुराचे पान वाचणे वेगळे आणि रोजकीर्दीचे पान वाचणे वेगळे. हिशेबी पानावर रक्कम कोणत्या नोंदीची, पोटनोंद कुठे सुरू होते, पाव-अर्ध्याच्या खुणा कोणत्या, हे पानावरच्या जागेवरून कळते. सरदेसायांनी मागे ठेवलेले डोंगर याच कागदांचे आहेत, म्हणून खरी कसोटी तिथे लागणार आहे.

यंत्राच्या चुकांचे स्वरूपही माणसाच्या चुकांहून वेगळे असते. मोडी वाचकाला शब्द लागला नाही की तो जागा रिकामी सोडतो किंवा प्रश्नचिन्ह घालतो. भाषेच्या अंदाजावर चालणारी प्रणाली रिकामी जागा सोडत नाही. नेहमी भेटणारा, अर्थाला बसणारा शब्द ती तिथे घालते. सामान्य वाक्यात याने फारसे बिघडत नाही. गावाचे नाव, आडनाव, साल आणि रक्कम यांत मात्र बिघडते, आणि सरकारी कागदाचा सगळा जीव या चार गोष्टींतच असतो. अंजूरसारख्या लहान गावाचे नाव शिकवणीच्या संचात क्वचितच आलेले असणार. म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या गावांच्या, पाड्यांच्या, घराण्यांच्या नावांच्या याद्या आणि सुहूर सन, शक व फसली यांची कोष्टके प्रणालीच्या शेजारी ठेवणे आवश्यक आहे. वाचलेल्या प्रत्येक शब्दाबरोबर खात्रीचे प्रमाण आणि मूळ प्रतिमेतली जागा दाखवली गेली, तर तपासणाऱ्याचा वेळ संशयाच्या जागांवर खर्च होतो. तो तपासणारा मोडी जाणणारा हवा. पुराभिलेख संचालनालय, विद्यापीठे आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे मोडी वर्ग यंत्र आल्यावर कमी करण्याची कल्पना कोणी मांडील, तर ती फार घातक ठरेल. शिकवणीचे पाठ आणि चुकांची दुरुस्ती दोन्ही तिथूनच यायची आहेत.

शोधण्याच्या कामात या तंत्राचा लाभ सर्वांत मोठा आहे. चुकतमाकत का होईना, सगळे पान वाचले गेले की एखादे गाव हिशेबात, पत्रात, तक्रारीत आणि बखरीत कुठे कुठे येते हे एकत्र पाहता येते. कमिशनच्या याद्यांनी आणि सरदेसायांच्या निवडीने घातलेल्या मर्यादा त्याने ओलांडता येतात. पुण्यातली मोडी, पणजीतली पोर्तुगीज आणि मुंबईतली इंग्रजी नोंद तारखा जुळवून एकमेकींशेजारी ठेवण्याचे काम पिसुर्लेकरांना हाताने करावे लागले, ते साहाय्याने होऊ शकते. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला अभिलेख सूचीबद्ध ठेवायला २००५पासून सांगतेच आहे. मोडी अभिलेखांच्या बाबतीत ते पाळण्याची शक्यता आता प्रथमच दिसते.

निर्णयाची बाजू कायद्याने वेगळी ठेवली आहे. योग्य ताब्यातून आलेल्या ३० वर्षांहून जुन्या दस्तऐवजाला काही बाबतींत खरेपणाचे अनुमान मिळते. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ९०मधली ही तरतूद १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. ते अनुमान दस्ताला आहे, त्याच्या लिप्यंतराला नाही. तहसीलदारापुढे किंवा न्यायालयात मोडी कागद आला की मूळ कागद किंवा त्याची प्रमाणित नक्कल आणि जाणकाराने सही करून दिलेले लिप्यंतर लागते. यंत्राने दिलेला पाठ त्या जाणकाराला योग्य पानापर्यंत पोचवतो. पाठाखालची सही आणि ती चुकल्यास उत्तर देण्याची जबाबदारी त्याचीच राहते.